एम.ए. अर्थशास्त्र: आधी गणिताची वही, मग संस्थेचा अर्ज

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या वाचकांची पत्रं दर हिवाळ्यात येतात आणि त्यांतले प्रश्न फारसे बदलत नाहीत. मॅक्रोमध्ये मास्टर्स कुठे करता येतं? रिझर्व्ह बँकेत धोरणाचं काम करायचं आहे, तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा? बारावीला गणित नव्हतं आणि शिक्षण मराठीतून झालं, तर हा विचार सोडून द्यावा का? २०२५चं अर्थशास्त्राचं नोबेल जोएल मोकिर, फिलिप अगियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळालं, तेही नवकल्पनांतून होणाऱ्या आर्थिक वृद्धीवरच्या कामासाठी. त्यामुळे आता ‘ग्रोथ थिअरी’ असं थेट नाव घेऊन विचारणारेही आहेत. या सगळ्यांसाठी हा लेख. निर्णय घ्यायला लागेल तेवढाच सिद्धांत त्यात आहे.

पदवीच्या नावात ‘मॅक्रो’ शोधू नका

भारतात पदव्युत्तर पदवी साधारणपणे ‘एम.ए.’ किंवा ‘एम.एस्सी. अर्थशास्त्र’ याच नावाने मिळते. स्थूल अर्थशास्त्र, म्हणजे तुम्ही ज्याला मॅक्रो म्हणता ते, तिच्यात सक्तीच्या एकदोन विषयांतून आणि पुढे तुम्ही निवडलेल्या वैकल्पिक विषयांतून येतं. म्हणून संस्थेच्या नावाआधी तिचा अभ्यासक्रम उघडा आणि तीन गोष्टी पाहा.

- स्थूल अर्थशास्त्राचा दुसरा पेपर कुठपर्यंत जातो? आयएस-एलएम आणि फिलिप्स वक्ररेषेवर थांबत असेल, तर तुम्ही पदवीलाच शिकलेलं थोडं विस्ताराने शिकाल. सोलो, रॅमसे, पिढ्यांच्या सरमिसळीचं प्रारूप, विवेकी अपेक्षा, अंतर्जात वृद्धी ही नावं दिसली, तर तो खरोखर पदव्युत्तर दर्जाचा पेपर आहे.
- अर्थमितीचे पेपर किती? कालश्रेणी विश्लेषण आहे का? धोरणाचं काम करणाऱ्याला तिमाही आणि मासिक आकडेवारीशी रोज झुंजावं लागतं. कालश्रेणीशिवाय ते होत नाही.
- शेवटच्या सत्रात प्रबंध आहे का आणि तो कोण तपासतं?

अभ्यासक्रमाच्या यादीत वैकल्पिक विषय वीस असतात, पण शिकवायला माणूस असेल तेवढेच प्रत्यक्षात सुरू होतात. गेल्या दोन वर्षांत नेमके कोणते सुरू झाले, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. माहितीपुस्तिकेपेक्षा या एका प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं.

धोरण-विश्लेषण की वृद्धीचा सिद्धांत?

दोन्ही एकाच पेपरात शिकवले जातात, म्हणून ते एकच वाटतात. त्यांचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. धोरण-विश्लेषण पुढच्या काही तिमाहींचा विचार करतं: रेपो दर पाव टक्क्याने वाढवला तर महागाईवर कधी आणि किती परिणाम होईल, वित्तीय तूट कमी केली तर मागणीचं काय होईल. भारतात याला कायद्याची चौकट आहे. २००३चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे, आणि २०१६मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती आली. महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि त्याच्या खाली-वर २ टक्क्यांची मुभा, हेही त्याच बदलातून आलं. वृद्धीचा सिद्धांत दशकांचा हिशेब मांडतो: एखादा देश श्रीमंत का होतो आणि दुसरा मागे का राहतो?

या दुसऱ्या प्रश्नाशी मुंबईचं जुनं नातं आहे. १९५६मध्ये रॉबर्ट सोलो यांचा वृद्धीवरचा प्रसिद्ध लेख आला. त्याच वर्षी महालनोबिस यांच्या प्रारूपावर आधारलेली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी अवजड उद्योगांऐवजी मजुरांच्या उपभोगाच्या वस्तूंना आधी प्राधान्य द्या, अशी पर्यायी मांडणी पुस्तकरूपाने केली. वृद्धीचा सिद्धांत म्हणजे केवळ परदेशी समीकरणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा वाद जरूर वाचावा.

तुम्हाला काय निवडायचं, यासाठी माझा निकष साधा आहे. वर्तमानपत्रात पतधोरणाची बातमी आली की पुढे काय होईल याचा अंदाज बांधावासा वाटतो? मग धोरणाकडे, म्हणजे कालश्रेणी, मौद्रिक आणि खुल्या अर्थव्यवस्थेच्या विषयांकडे वळा. पन्नास वर्षांचे तक्ते पाहून ‘हे असं का झालं’ हा प्रश्न पाठ सोडत नाही? मग वृद्धीकडे जा, पण पीएच.डी.ची मानसिक तयारी ठेवा. केवळ वृद्धीच्या सिद्धांतावर एम.ए.नंतर लगेच नोकरी देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत.

अर्ज भरण्याआधी हे एक गणित सोडवा

कागद-पेन घ्या. एका देशात प्रति कामगार उत्पादन हे प्रति कामगार भांडवलाच्या घनमुळाइतकं आहे. उत्पन्नाच्या २४ टक्के बचत होते आणि ती सगळी गुंतवली जाते. भांडवलाची झीज दरसाल ५ टक्के होते, कामगारांची संख्या दरसाल १ टक्क्याने वाढते आणि तंत्रज्ञान बदलत नाही. प्रति कामगार भांडवल कोणत्या पातळीवर स्थिरावेल?

उत्तर ८ आहे आणि तिथे प्रति कामगार उत्पादन २. पडताळा असा: नवी गुंतवणूक २ च्या २४ टक्के, म्हणजे ०.४८. झीज भरून काढायला आणि नव्या कामगारांना साधनं पुरवायला लागणारं भांडवल ८ च्या ६ टक्के, तेही ०.४८. दोन्ही समान झाले की भांडवल तिथेच थांबतं.

आता पुढचा प्रश्न. बचत २४ वरून ३० टक्के झाली, तर देश कायम जास्त वेगाने वाढत राहील का? नाही. भांडवल अकराच्या थोडं वर आणि उत्पादन २.२४च्या आसपास जाऊन पुन्हा थांबेल. बचतीने पातळी उंचावते. वेग वाढतो तो फक्त मधल्या काळापुरता. मग कायमची वाढ येते कुठून? पॉल रोमर यांचे १९८६ आणि १९९०चे लेख आणि रॉबर्ट लुकस यांचा १९८८चा लेख याच अडचणीतून निघाले.

पहिला भाग तुम्ही स्वतः सोडवलात आणि दुसऱ्याचं उत्तर वाचून ‘का?’ असं मनात आलं, तर या विषयासाठी तुम्ही तयार आहात. आठवडाभर पुस्तक घेऊन बसल्यावर जमलं, तरीही तयार आहात. फक्त एक वर्ष नीट तयारीला द्या. गणिताकडे पाहायचीच इच्छा झाली नाही, तर सार्वजनिक धोरण, विकास अभ्यास किंवा आर्थिक इतिहास यांचा विचार करा. ते कमी प्रतीचे विषय मुळीच नाहीत.

बारावीला गणित नसेल तर

महाराष्ट्रातल्या कला शाखेच्या असंख्य मुलामुलींनी दहावीनंतर गणित सोडलेलं असतं. पुढे एम.ए.च्या पहिल्याच सत्रात घसरण होते ती तिथेच. काही नामांकित संस्था तर बारावीला गणित असणं ही पात्रतेचीच अट ठेवतात, म्हणून आधी ती अट वाचा. अट नसेल तर वर्षभरात एवढं उरकता येतं: फलनं आणि अवकलन, आंशिक अवकलन, मर्यादा घालून महत्तम-लघुतम काढण्याची लाग्रांजची पद्धत, सारणी, संभाव्यता आणि सांख्यिकी, आणि शेवटी अंतर-समीकरणं व अवकल समीकरणं. वृद्धीच्या सिद्धांतात शेवटच्या दोन्हींशिवाय पान उलटत नाही.

पुस्तकं ढीगभर नकोत. गणितासाठी अल्फा चियांग किंवा सिड्सेटर-हॅमंड यांपैकी एक. स्थूल अर्थशास्त्राची उजळणी मॅन्किव किंवा ब्लांशार यांच्यावर करा. वृद्धीसाठी आधी चार्ल्स जोन्स यांचं छोटं प्रास्ताविक पुस्तक घ्या. डेव्हिड रोमर यांचं ‘अॅडव्हान्स्ड मॅक्रोइकॉनॉमिक्स’ त्यानंतर. ते पहिल्यांदा उघडून घाबरून मिटणारे बरेच भेटतात. कारण एवढंच की मधली पायरी गाळलेली असते. अर्थमितीसाठी गुजराती किंवा वूल्ड्रिज.

संस्था: कुठे काय मिळेल

- इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, गोरेगाव, मुंबई. रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये स्थापन केली. एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही आहेत. प्रवेश परीक्षेत गणिताचा भार मोठा असतो. धोरणाच्या कामासाठी महाराष्ट्रात यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.
- गोखले अर्थशास्त्र संस्था, पुणे. १९३०ची स्थापना, पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. दांडेकर आणि रथ यांचा १९७१चा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास इथला. आकडेवारीवर आधारलेल्या संशोधनाची परंपरा हे तिचं बळ आहे.
- मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, कलिना. मुंबई विद्यापीठाचाच १९२१पासूनचा अर्थशास्त्र विभाग. वकील-ब्रह्मानंद यांची ही परंपरा. वित्त क्षेत्र हाकेच्या अंतरावर असल्याचा फायदा मिळतो.
- दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. दोन्हींचा प्रवेश सीयूईटी-पीजीमधून होतो. सिद्धांताचा मुख्य प्रवाह पक्का करायचा असेल तर पहिलं. केन्सवादी आणि मार्क्सवादी विचारांचीही गंभीर ओळख हवी असेल तर दुसरं.
- भारतीय सांख्यिकी संस्था, कोलकाता आणि दिल्ली. क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्समधली पदव्युत्तर पदवी. प्रवेश सर्वांत कठीण. विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. चालू रक्कम माहितीपुस्तिकेत पाहा. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर हिला पहिला क्रमांक द्या.
- सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, तिरुवनंतपुरम आणि मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, चेन्नई. महाराष्ट्रातून इकडे अर्ज कमी जातात. ते वाढायला हवेत.

सीयूईटी-पीजीची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. बहुपर्यायी प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे पदवीच्या पाचव्या सत्राच्या निकालाची वाट पाहत बसलात तर उशीर झालेला असतो.

मराठीतून शिकला असाल तर

महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत एम.ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. घराजवळ राहून, नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर हा रास्त मार्ग आहे आणि त्याबद्दल कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त पुढचं दार कोणत्या भाषेत उघडतं ते आधीच पाहा. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा इंग्रजीतच लिहावी लागते. नेटचा अर्थशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. म्हणून संकल्पना मराठीत समजून घ्या, पण पहिल्या सत्रापासून दर आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत लिहून शिक्षकांकडून तपासून घ्या.

मराठीतही वाचण्यासारखं आहे. राज्य सरकारची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठीत निघते. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक आहे. परिषदेच्या अधिवेशनात विद्यार्थ्यांनी निबंध वाचावेत. पतधोरण समितीचं इतिवृत्त बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात प्रत्येक सदस्याने कुठे मत दिलं आणि का, हे असतं. ते इंग्रजीत आहे, पण धोरण-विश्लेषण म्हणजे काय हे शिकवणारं यापेक्षा चांगलं आणि फुकट साहित्य नाही. सहा जणांची कारणं एका कागदावर मांडा आणि मतभेद नेमका कुठे आहे ते शोधा.

कागदपत्रांत जागा घालवू नका

हुशार मुलांचे प्रवेश इथे जातात, म्हणून थोडं सविस्तर.

- केंद्रीय संस्थांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही.
- सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं, म्हणजे एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्रीय संस्थेत ते चालत नाही. मात्र तुमची जात केंद्राच्या एससी, एसटी किंवा ओबीसी यादीत नसेल, तर केंद्राच्या नमुन्यात आर्थिक दुर्बल घटकाचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र मागता येतं.
- त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी हवं. पण उत्पन्न कमी असूनही ५ एकर किंवा अधिक शेतजमीन असेल तर हा लाभ मिळत नाही. १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा राहता फ्लॅट असेल तरीही नाही. कोरडवाहू भागातल्या कुटुंबांना जमिनीची अट अचानक आडवी येते. सातबारा आधी पाहा.
- ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरतं असतं. एप्रिल उजाडताच नवं काढा.

खर्च आणि शिष्यवृत्ती

सरकारी विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ यांच्या शुल्कातला फरक काही लाखांत जातो. केवळ चकचकीत इमारत आणि ‘अप्लाइड’ हे विशेषण यांच्यासाठी कर्ज काढू नका. राज्यातल्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटीवर वेळेत अर्ज करा आणि मंजुरीची पोच जपून ठेवा. निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशासाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही आहे. संस्था यादीत आहे की नाही, ते प्रवेश घेण्याआधी बघा.

परदेशी जायचं तर जर्मनीचा विचार करा. बॉनसारख्या सार्वजनिक विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही आणि अर्थशास्त्राचं शिक्षण उत्तम आहे. मानहाइमचं शिक्षणही तितकंच पक्कं आहे, पण ते ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. भारतीयांना आधी एपीएस प्रमाणपत्र काढावं लागतं आणि राहण्याखाण्यासाठी मोठी रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते. अमेरिकेत मात्र पैसे भरून मास्टर्स करण्यापेक्षा थेट पीएच.डी.ला अर्ज करणं मला शहाणपणाचं वाटतं. तिथल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तपासावी.

पदवीनंतर

रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी भरती अनेकांना एकच वाटते. जनरल शाखा कोणत्याही विषयाच्या पदवीधराला खुली आहे, फक्त किमान गुणांची अट पूर्ण करावी लागते. आर्थिक संशोधनाची डीईपीआर शाखा वेगळी आहे आणि तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी लागते. तुम्हाला पतधोरणाजवळ जायचं असेल तर ही शाखा. नेटसाठीही खुल्या प्रवर्गाला ५५ टक्केच लागतात. ही रेघ लक्षात ठेवा, कारण ५४.८ टक्क्यांवर अडकलेल्यांना नंतर काही करता येत नाही. आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात.

भारतीय आर्थिक सेवेसाठी वयाची मर्यादा २१ ते ३० आहे आणि राखीव प्रवर्गांना सूट आहे. बँका, पतमापन संस्था आणि दलाली संस्थांचे संशोधन विभाग धोरण-विश्लेषणवाल्यांना घेतात. तिथे मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम जास्त बोलतं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची आकडेवारी उतरवून घ्या, आर किंवा पायथनमध्ये महागाई आणि रेपो दराचा आलेख काढा, दोन पानं लिहा. उत्पादकतेत रस असेल तर तिथेच भारतीय क्लेम्सचा आकडेसंचही आहे.

एक सावधगिरी. यूपीएससीचा वैकल्पिक विषय सोपा जावा एवढ्यासाठी हे एम.ए. करू नका. दोन्हींना लागणारी मेहनत वेगळी आहे आणि दोन्ही अर्धवट राहतात.

तुमचे हक्क

- एका संस्थेत पैसे भरल्यावर दुसरीकडे जागा मिळाली तर शुल्क परत मागता येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडलात, तर प्रक्रियेचा मर्यादित खर्च वगळून सगळी रक्कम परत मिळायला हवी. त्यानंतर टप्प्याटप्प्याने ९०, ८० आणि ५० टक्के. शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. आयोग काही वर्षी याहून उदार सूचना काढतो, त्या वर्षीचं परिपत्रक पाहा.
- मूळ गुणपत्रिका आणि दाखले संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळून लगेच परत द्यावे लागतात.
- सार्वजनिक विद्यापीठाकडून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये हा हक्क मान्य केला आहे. स्थूल अर्थशास्त्राच्या पेपरात अनपेक्षित गुण पडले, तर रडत बसण्याऐवजी प्रत मागवा.
- आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असायला हवा. शुल्क, शिष्यवृत्ती, निकालातला विलंब हे सगळं तिथे नेता येतं. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, तारीख घाला आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.